काच कोरी आहे

नोआ आणि ओमेर, हे तुम्हाला तुमची आई वाचून दाखवेल. मराठी तुम्हाला ऐकून कळतं, वाचताना मात्र जोडाक्षरं आडवी येतात. तेव्हा तिने सावकाश वाचावं आणि मध्ये पदरचं काही घालू नये, असं मी तिला बजावलं आहे. मिलकाआत्या गेली त्याला आता महिना होऊन गेला. महिन्याची प्रार्थना झाली, पाहुणे आपापल्या घरी गेले. इतके दिवस मला लिहावंसं वाटलं नव्हतं. पण परवा फोन ठेवता ठेवता नोआने विचारलं, "आजी, ते माझ्यामुळे झालं का?" आणि मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला... की तिनेच ठेवला, कोण जाणे. या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नाही. त्यासाठी मिलका आयुष्यभर काय बघत होती ते सांगावं लागेल. आणि हे मी वर्तमानपत्राच्या पुरवणीकडेही पाठवते आहे, कारण कोरोनानंतर असा प्रश्न मनात घेऊन बसलेली माणसं आमच्या पनवेलमध्येही पुष्कळ आहेत. कोणी तोंडाने विचारत नाही, एवढंच.

मिलका ही तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद. वाचकांसाठी सांगते, आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमच्यातले बहुतेक लोक इस्राएलला गेले, माझी मुलगीही गेली, सिनेगॉगमधली बाकं रिकामी होत गेली. मिलकाने लग्न केलं नाही आणि देशही सोडला नाही. कोणी फारच आग्रह केला तर म्हणायची, "तिकडे माझ्याहून हुशार लोक आहेत. इथे बेडके बघायला दुसरं कोण आहे?" बेडका म्हणजे छातीतून खोकून काढलेला कफ. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेऊन ती जुन्या पनवेलात एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये लागली. लॅब म्हणजे आमच्याच घराची रस्त्याकडची खोली. डॉक्टरांनी ती भाड्याने घेतली होती आणि तिच्याबरोबर जणू मिलकालाही. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होते. संध्याकाळी मी वह्यांचा गठ्ठा घेऊन बसले की ती जाता जाता टोमणा मारायची, "वहिनी, तू वह्या तपास, मी बेडके तपासते. चुका दोन्हीकडे त्याच त्याच असतात."

तिची बोटं तुम्हाला आठवत असतील. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं कायम जांभळी. काचेच्या पट्टीवर कफाचा पातळ थर द्यायचा, तो ज्योतीवर धरून सुकवायचा, मग त्यावर जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटने धुवायचं आणि शेवटी लाल रंग. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, काही सोडतात आणि लाल होतात. हे सगळं ती खोलीतल्या छोट्या बेसिनपाशी उभी राहून करायची. हातमोजे पुढे आले, पण तिला ते जमले नाहीत. ओमेर, तू लहानपणी तिला विचारलं होतंस की जांभळं रोज खातेस का. तिने तुला गंभीरपणे सांगितलं होतं, "हो, आणि तुझ्यासाठी एकही ठेवत नाही."

मी घरात आले तेव्हा न्यूमोनिया म्हणजे एकच गोष्ट होती. पुरुषमाणूस, बहुधा धडधाकट, सकाळपर्यंत कामावर, आणि दुपारी दात वाजवणारी थंडी, सणकून ताप, बरगडीत कळ, गंजलेल्या लोखंडाच्या पाण्यासारखा कफ. गव्हाणहून एक बाई नवऱ्याला होडीने आणि मग टांग्याने घेऊन आली होती ते मला अजून दिसतं. "बाय, काल खाचरात उबा व्हता वो, आज बोलत बी नाय," असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मिलकाने काच लावली आणि मला हाक मारली, "वहिनी, ये, बघून घे. हा असा रोज भेटत नाही." मी सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला. लालसर गढूळ पसाऱ्यात जांभळे ठिपके, सगळे जोडीजोडीने, भाताच्या दोन कण्या टोकाला टोक लावून ठेवाव्यात तसे, आणि प्रत्येक जोडीभोवती उजेडाचं बारीक कडं. मला ते सुंदर वाटलं, तसं मी बोललेही. ती म्हणाली, "सुंदरच आहे. माझ्या आजोबांना यानेच नेलं. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं, घाम फुटून ताप उतरायची वाट बघत बसायचे." या बाईच्या नवऱ्याला इंजेक्शनं मिळाली आणि तो चालत घरी गेला. मग वर्षानुवर्षं श्रावणात त्या घरून आम्हाला भाजी यायची. मिलका म्हणायची, "शत्रू असावा तर असा. चेहरा दाखवतो, नाव सांगतो, आणि ज्याला घाबरायचं त्याला घाबरतो."

पण तो एकटा राहिला नाही. पनवेल वाढत गेलं. कारखाने आले, मोठा रस्ता आला, कोन गावाच्या बाजूला डोंगर फोडून खडी निघू लागली, शेतं विकून हातात पैसा आलेल्या घरांत दारू आली, मधुमेह आला. मिलकाच्या खोलीत येणारी माणसंही बदलली. आता थंडी वाजून आलेला धडधाकट शेतकरी कमी, आणि विड्यांनी छाती पोखरलेले, साखर वाढलेले, आधीच कशाने तरी खचलेले लोक जास्त. काचेवर जांभळ्या जोड्यांच्या जागी कधी बारीक लाल काड्या दिसायच्या, कधी जाडजूड, चिकट, गूळ घोटल्यासारख्या कफातल्या. ज्याला न्यूमोनिया म्हणून औषध चालू होतं त्याच्या कफात क्षयाचा जंतू निघायचा. जेवताना ती हे सगळं बोलायची. तुमचे आजोबा ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे. "मिलके, निदान भाजी संपेपर्यंत थांब," असं ते म्हणायचे आणि ती म्हणायची, "भाऊ, भाजीत काही नाही, मी बघितलंय." तिने हे बघितलं होतं की नाही ते आम्ही कधी विचारलं नाही.

जुना शत्रू मागे का हटला, हे तिने मला एकदा समजावून दिलं होतं. ते मी तुम्हाला सांगते, कारण त्यात ती फार दिवस रमली होती. हा जंतू लहान मुलांच्या नाकाघशात मुकाट्याने राहतो. मूल आजोबांच्या मांडीवर बसतं, आजोबा आजारी पडतात. मुलांना लस मिळू लागली तशी आजोबांचा न्यूमोनियाही कमी झाला. "म्हणजे सुई नातवाला आणि गुण आजोबांना," ती म्हणाली. "वहिनी, देवाने हिशोब बरा ठेवलाय." त्या दिवशी ती खुशीत होती. तो जंतू संपला, असं मात्र ती कधी म्हणाली नाही. साध्या पेनिसिलिनला तो आता पूर्वीसारखा दाद देत नाही, हेही तिनेच मला सांगितलं.

मग कोऱ्या काचा येऊ लागल्या. सुरुवातीला तिला वाटलं, नमुना बरोबर घेतला नाही. लोक थुंकी देतात आणि कफ म्हणतात. ती चिडायची, पेशंटला परत पाठवायची, "सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, खोल छातीतून खोकून" असं शिकवायची. पण एक्स-रेत छाती पांढरी झालेली, माणूस धापा टाकतोय, आणि काचेवर पू भरपूर, जंतू नाही. असं एका माणसाचं झालं. तो एका मोठ्या, सगळीकडून बंद, थंडगार इमारतीत काम करायचा. डॉक्टर म्हणाले, वातानुकूलनाच्या पाण्यात वाढणारा एक जंतू असतो, त्याला हे रंग धड लागत नाहीत. मिलका त्या संध्याकाळी जेवली नाही. पुढे स्वाइन फ्लूचं वर्ष आलं तेव्हा तर तरणीताठी माणसं गेली. त्यांच्या काचेवर पूसुद्धा नव्हता. अशाच एका बाईचा रिपोर्ट तिने डॉक्टरांकडे दिला आणि हात पुसत माझ्या दारात येऊन उभी राहिली. "काच कोरी आहे," ती म्हणाली. "आणि ती बाई उद्या नसेल." ... दुसऱ्या दिवशी ती नव्हती.

त्यानंतर ती थोडी बदलली. जे दिसतं त्याची तिला कधी भीती वाटली नव्हती. आता ती माणसांच्या हातांकडे बघू लागली. आमच्यात हातबोशी असते, ती तुम्हाला माहीत आहे, वाचकांना माहीत नसेल. प्रार्थना संपली की एकाने दोन्ही हात पुढे करायचे, दुसऱ्याने ते आपल्या हातांत घ्यायचे, सोडायचे, आणि मग दोघांनी आपापल्या बोटांची टोकं ओठांना लावायची. असं करत सिनेगॉगभर तो स्पर्श हातातून हातात फिरतो. बाहेरचं कोणी बघायला आलं की त्याला फार आवडतं, मलाही आवडतं. मिलका एकदा घरी येताना म्हणाली, "वहिनी, सर्दीला घरोघर पोचवायचं असतं तर मीही याहून सोपा रस्ता काढला नसता." मी तिला गप्प बसवलं. पण कोरोनात सिनेगॉग बंद राहिलं आणि पुन्हा उघडलं तेव्हा तिने हात देणं सोडलं ते सोडलंच. समोरच्याने हात पुढे केले की ही उजवा तळवा छातीवर ठेवायची आणि मान लववायची. सगळे हळूहळू पूर्वीसारखे झाले, ही झाली नाही. आमच्यातल्या एक वयस्कर बाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मिलकाबाई, हातांना सोनं लागलंय का तुमच्या?" मिलका म्हणाली, "सोनं नाही हो, शेंबूड. तुमच्याच नातवाचा." सगळे हसले, पण पुढच्या शनिवारपासून तिच्यासमोर हात येईनासे झाले. माणसं तिला वळसा घालून पुढच्याकडे जायची. ती छातीवर हात ठेवून तशीच उभी राहायची.

लॅब तोवर बंद झाली होती. डॉक्टर वारले. आता नमुने डब्यात घालून मोटरसायकलवरून दूर कुठे जातात आणि रिपोर्ट मोबाइलवर येतो. सूक्ष्मदर्शक तिने स्वतःकडे ठेवला, खोलीही तशीच ठेवली, आणि हाताची सवय म्हणून अधूनमधून एखादी काच रंगवत राहिली. दर वर्षी फ्लूची सुई घ्यायची, न्यूमोनियाची घेतलेली होती. माझ्या मागे लागून मलाही घ्यायला लावली. पण खिडकीत बसली आणि रस्त्यावर कोणी खोकलं की तिचा चहाचा कप मध्येच थांबायचा. "सुका आहे," एवढंच म्हणायची. किंवा "हा छातीतला." मी म्हणायचे, "अगं, माणसं खोकायचीच." ती म्हणायची, "हो ना. पूर्वी खोकल्याचा आवाज ऐकून मी जंतूचं नाव सांगायची. आता काही सांगता येत नाही..."

आणि नोआ, तू आईबरोबर आलीस. सैन्यातली नोकरी संपवून सुटीला आलीस, म्हणून मी घरी मलिदा केला. पोह्यांत गूळ-खोबरं कालवून, ताटात फळं आणि गुलाब मांडून आमच्या प्रेषिताचे, नबी एलियाहूचे आभार मानले, गाणी म्हटली. तुझं नाक विमानातून उतरल्यापासून वाहत होतं. तू म्हणालीस, विमानातला एसी. पनवेलमध्येही त्या आठवड्यात निम्मं गाव शिंकत होतं. दूधवाला, वरच्या मजल्यावरची बाई, स्वयंपाकाला मदत करायला आलेल्या दोघी, सगळ्यांचे घसे बसलेले. हे मी तुझी समजूत घालायला सांगत नाही. तसं होतं म्हणून सांगते. प्रार्थना संपली, हातबोशी सुरू झाली, माणसं सवयीने मिलकाला वळसा घालून जात होती. तुला कोणी सांगितलं नव्हतं. तू लहानपणी मी शिकवलं तसं थेट तिच्यासमोर जाऊन उभी राहिलीस आणि दोन्ही हात पुढे केलेस. तुझी आई दाराशी उभी होती, तिने डोळे मिटून घेतले होते.

तू तिचा चेहरा पाहत होतीस की नाही मला माहीत नाही. मी पाहत होते. तिचा हात सवयीने छातीवर गेला होता. तिने तुझ्या नाकाकडे पाहिलं, लाल झालेल्या कडांकडे, काचेकडे पाहायची तसं एक डोळा किंचित बारीक करून. मग म्हणाली, "आधी नाक पूस, शेंबडे." तू बाहीला नाक पुसलंस आणि हसलीस. आणि मिलकाने छातीवरचा हात काढला आणि तुझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. सगळ्यांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवले. मग ती जांभळी बोटं ओठांना लावली. माझ्याकडे वळून म्हणाली, "बघतेस काय? मोठी झालीये पोरगी. हात कसे घट्ट धरते बघ."

तुम्ही दोघी परत गेलात. त्यानंतर तिला सर्दी झाली, तशी मलाही झाली, वरच्या बाईची तर आधीपासून होती. माझी गेली. मिलकाला ताप आला नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तुमच्या आईवडलांना म्हातारपण येईल तेव्हा उपयोगी पडेल. म्हातारपणी न्यूमोनिया थंडी वाजवून येत नाही, तापही घेऊन येतोच असं नाही. ती सकाळी उठली आणि बेसिनपाशी जाऊन उभी राहिली. नळ सोडला. मी विचारलं, "काय गं?" तर म्हणाली, "डॉक्टर आले का? गव्हाणच्या बाईचा रिपोर्ट राहिलाय." मी म्हटलं, "मिलका, कोणता रिपोर्ट?" तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की वर्गात एखाद्या ढ मुलीकडे मीही तसं पाहिलं नसेल. तिची छाती भराभर वरखाली होत होती. आम्ही तिला त्याच सकाळी हॉस्पिटलमध्ये नेलं.

ऑक्सिजन लागल्यावर ती पूर्ण शुद्धीवर आली. डोळे निवळले. नाकात कापसाची काडी फिरवून नमुना नेला होता, हल्ली त्यातून एकाच वेळी किती तरी जंतूंची नावं तपासता येतात. रिपोर्ट आला तेव्हा तिने मास्क हाताने थोडा वर उचलून विचारलं, "काय आलं?" तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं. लहान बाळांना सर्दी-खोकला देणारा एक विषाणू. मोठ्यांना सहसा नुसतं नाक गळण्यावर सोडतो, म्हाताऱ्यांना मात्र कधी कधी सोडत नाही. बाई म्हणाल्या, पूर्वी मोठ्यांमध्ये हा कोणी शोधतच नसे, आता शोधतो म्हणून सापडतो. आणि पुष्कळदा आजही काहीच सापडत नाही. मिलका हसली. "म्हणजे माझ्या त्या कोऱ्या काचांत हे बसलेले होते," ती म्हणाली. "इतकी वर्षं."

मी तिच्याजवळ एकटी होते तेव्हा तिनेच विषय काढला. "वहिनी, पोरगी विचारेल."

"काय विचारेल?"

"ते तुला माहीत आहे. तू तिला खोटं सांगू नकोस. तुला सवय आहे, परीक्षेत नापास होणाऱ्यांना 'छान प्रयत्न' म्हणायची."

"मग काय सांगू?"

तिला दम लागत होता. मी म्हटलं, राहू दे. ती राहू देणाऱ्यातली नव्हती. "रिपोर्टात जंतूचं नाव येतं," ती म्हणाली. "कोणाच्या हातून आला ते येत नाही. दूधवाल्याच्या, तुझ्या, तिच्या... ते मला कोणत्याही काचेवर कधी दिसलं नाही. दिसलं असतं तर मी लिहिलं असतं. आणि हात मी घेतले म्हणावं. तिने दिले, मी घेतले. मला सर्दी दिसत होती."

मी विचारलं, "मग का घेतलेस?"

तिने मास्क नीट बसवला. मग मास्कच्या आतून म्हणाली, "किती वर्षं झाली गं कोणी मागितले नव्हते."

त्यानंतर ती फारसं बोलली नाही. छातीतला दुसरा जंतू मागून शिरला असावा असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. औषधं बदलली. श्वास अडत गेला. आम्ही तिला आपल्या दफनभूमीत तुमच्या आजोबांच्या शेजारी ठेवलं. कफन घालण्याआधी बायकांनी तिला आंघोळ घातली तेव्हा एकीने बोटांना साबण लावून पुष्कळ चोळलं. मी म्हटलं, राहू द्या.

नोआ, तुला सांगायचं ते एवढंच. तुझ्यामुळे झालं नाही, असं मी म्हणणार नाही, कारण ते मला माहीत नाही आणि तिने मला खोटं बोलायला मनाई केली आहे. तुझ्यामुळे झालं, असंही कोणी म्हणू शकत नाही. जिला आयुष्यभर हाच एक प्रश्न सोडवायचा होता, तीही ते म्हणू शकली नाही. तिने पाहिलं, तिला कळलं, आणि तिने हात घेतले. हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी आता शनिवारी सिनेगॉगमध्ये जाते. हातबोशी होते. माणसं मिलकाच्या जागेला अजून वळसा घालून जातात, सवयीने. मी हात देते, बोटं ओठांना लावते, आणि दर वेळी आधी समोरच्याच्या नाकाकडे बघते, पूर्वी बघत नसे. हे लिहिते आहे तेव्हा बाहेर रस्त्यावर कोणीतरी खोकतं आहे. सुका की छातीतला, मला सांगता येत नाही.

तिच्या खोलीत कामाची बाई आठवड्यातून एकदा फरशी पुसते. परवा तिने बेसिन राखेने घासलं, मग पावडरने, मग मला विचारलं, ॲसिड टाकू का. मी नको म्हटलं. सूक्ष्मदर्शक शाळेला दिला. तिच्या जुन्या काचा फुटून कोणाला लागतील म्हणून दफनभूमीच्या माणसाने त्या तिथेच मागे खड्डा करून पुरल्या. बेसिनच्या तळाशी नळाखाली हाताच्या तळव्याएवढा जांभळा डाग आहे. तो तसाच आहे.